तीसपैकी सत्तावीस

बँकेत उमेदवारी करत होतो तेव्हा आमचे एक साहेब नव्या पोरांना हुंडीवरून व्यवहार शिकवत. इथल्या पेढीवर पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची, दूरच्या गावी जाऊन तिथल्या पेढीवर ती दाखवायची आणि पैसे घ्यायचे. चिठ्ठीच्या कागदाला मोल काही नाही. या पेढीचा शब्द त्या पेढीनं मानला, हुंडी सकारली, तर तिला किंमत. न सकारता परत आली तर ती रद्दी. परदेशी चलनाचं सगळं खातं, साहेब म्हणत, या एका गोष्टीवर उभं आहे. बाकीची कलमं नंतर पाठ करा.

ही शिकवण मला निवृत्तीनंतर उपयोगी पडली ती भाचीच्या शिक्षणात. पुण्याच्या एका कॉलेजात ती अर्थशास्त्र शिकत होती आणि २०२३च्या सप्टेंबरात एका सत्रासाठी इटलीत बोलोन्याला गेली. एक्स्चेंज स्टुडंट म्हणून.

परदेशी शिकायला जाणं आपल्या घरांना आता नवं नाही. दोन मोठ्या बॅगा, त्यात भाजणी आणि लिंबाचं लोणचं, विमानतळावरचा फोटो. पण ते जाणं वेगळं. तिथे मुलगा इकडचं दार ओढून घेऊन जातो, तिकडची पदवी घेतो आणि बहुधा तिकडचाच होतो. एक्स्चेंजवाला जातो तो परतीचं तिकीट घेऊन. नाव इथल्या हजेरीपटावर, फी इथेच भरलेली, तिकडचं विद्यापीठ फी घेत नाही. चार-पाच महिने तिकडे शिकायचं, परीक्षा द्यायची आणि तिकडे मिळवलेलं श्रेय इथल्या पदवीत जमा करायचं. निघण्याआधी एक करारपत्र होतं. त्यावर विद्यार्थ्याची, इथल्या कॉलेजची आणि तिकडच्या विद्यापीठाची अशा तीन सह्या असतात. तिकडे अमुक विषय घेतले तर इकडे तमुक विषयांच्या जागी ते धरू, असं त्यात लिहिलेलं असतं. मी ते पत्र पाहिलं आणि म्हणालो, अरे, ही तर हुंडी!

फी नसली तरी खर्च होताच. सांगलीच्या माझ्या धाकट्या बहिणीनं मुदतठेव मोडली. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज कापलं गेलं ते वेगळं. "दादा, पाच महिन्यांसाठी एवढं करायचं का?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. आजही म्हणेन.

पुढल्या जानेवारीत मी स्वतः बारा दिवस बोलोन्याला जाऊन आलो. थंडी, धुकं आणि परीक्षांचा हंगाम. या गावाची पहिली ओळख म्हणजे पोर्तिको, रस्त्याकडेच्या कमानदार पडव्या. सगळ्या मिळून बासष्ट किलोमीटर भरतात. २०२१ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पावसात छत्री न उघडता गावभर फिरता येतं. या पडव्या आल्या कशा? मध्ययुगात गावात माणसं वाढली, त्यात परगावचे विद्यार्थी पुष्कळ, आणि घरमालकांनी वरच्या मजल्याच्या खोल्या रस्त्यावर पुढे ओढल्या. त्यांना खालून खांबांचा टेकू. १२८८ साली नगरपालिकेनं हे अतिक्रमण पाडलं नाही, उलट नव्या घराला पडवी पाहिजेच असा नियम केला. फक्त घोडेस्वार खालून जाईल इतकी उंची ठेवा म्हणाले. आमच्या पुण्यातल्या वाड्यांच्या मालकांनी हे वाचलं तर हळहळतील.

थोडक्यात, विद्यार्थ्याला खोली मिळत नाही ही तक्रार या गावात सात-आठशे वर्षं जुनी आहे. भाचीला तीन आठवडे खोली मिळाली नाही. शेवटी मिळाली ती अर्धी. इटालियनमध्ये 'पोस्तो लेत्तो' म्हणतात, म्हणजे शब्दशः खाटेची जागा. सदाशिव पेठेत 'कॉट बेसिस' म्हणतात तेच, तसंच. महिना चारशे युरो, म्हणजे तेव्हाच्या भावानं छत्तीस हजार रुपये, आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट. त्याच वर्षी मे महिन्यात मिलानमधल्या विद्यार्थ्यांनी घरभाड्याच्या निषेधार्थ विद्यापीठापुढे तंबू ठोकले होते आणि ते लोण इतर शहरांतही पसरलं होतं. भाचीच्या घरात आणखी तिघी होत्या. दोघी इटलीच्याच, पण दक्षिणेच्या टोकाकडून आलेल्या, एक स्पेनची. दक्षिणेकडच्या मुलींना घरून दर महिन्याला खोकं येई. त्यात तेल, टोमॅटोचा घरी केलेला रस, वाळवलेली मिरची. लातूर-नांदेडहून पुण्यात आलेल्या मुलांच्या खोलीत मी हेच पाहिलं आहे, फक्त टोमॅटोच्या जागी शेंगदाण्याची चटणी. खोकं आलं की चौघी एकत्र जेवत. भाची पिठलं करी. स्वयंपाकघरात फोडणीचा वास राहतो म्हणून घरमालकीण कुरकुरली, तेव्हा दक्षिणेकडच्या त्या दोघीच तिच्याशी भांडल्या. आमच्या लसणाला तू इतकी वर्षं नाकं मुरडतेस, हा त्यांचा मुद्दा.

सरकारी कागदांचं प्रकरण मला घरच्यासारखं वाटलं. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी माणसानं आठ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा. अर्जाचा लिफाफा पोस्टात मिळतो. त्यावर सोळा युरोचा मुद्रांक लावायचा आणि तो मिळतो तंबाखूच्या दुकानात. सिगारेट, बसचं तिकीट आणि सरकारी मुद्रांक एकाच गल्ल्यावर! मग पोलीस कचेरीची तारीख, बोटांचे ठसे आणि वाट पाहणं. भाचीला मधल्या काळात पोस्टाची पावती हाच परवाना होता. ती तिनं चार महिने पासपोर्टच्या पानांत जपली.

हे सगळं सोसून मुलं तिथे का जातात? विद्यापीठ १०८८ सालचं मानतात, पश्चिमेतलं सगळ्यात जुनं. पण जुनेपणापेक्षा मला त्याची सुरुवात आवडते. बोलोन्यात आधी विद्यार्थी एकत्र आले आणि त्यांनी मास्तर नेमले. मुलं बहुतेक परगावची, कायदा शिकायला आलेली, वयानं मोठी. परक्या गावात त्यांना हक्क नव्हते. एखाद्या जर्मन व्यापाऱ्यानं बोलोन्यातल्या सावकाराचं कर्ज बुडवलं, तर सावकार हाताशी सापडेल त्या जर्मन विद्यार्थ्याकडून वसुली करी. गाववाला ना तुझा? मग दे. बाराव्या शतकाच्या मध्याला सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानं हुकूम काढला की शिकायला परमुलखी आलेल्याला देशबांधवाच्या कर्जापायी धरायचं नाही. परदेशी विद्यार्थ्याच्या संरक्षणाचा युरोपातला हा मूळ कायदा, आणि तो निघाला थकबाकीवरून. माझ्यातल्या बँकवाल्याला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढे या मुलांनी प्रदेशवार संघ केले. आल्प्सपलीकडचे निराळे, अलीकडचे निराळे. संघांचे प्रमुख विद्यार्थीच. प्राध्यापकांचं मानधन मुलांच्या वर्गणीतून. प्राध्यापक वर्गावर उशिरा आला तर दंड, ठरलेला भाग वेळेत शिकवून झाला नाही तर दंड. गाव सोडून जायचं असेल तर परत येण्याची हमी म्हणून त्यानं आधी अनामत रक्कम ठेवायची. हे मी एका प्राध्यापक मित्राला सांगितलं तर त्यानं विषय बदलला. १५६३ साली विद्यापीठासाठी बांधलेली आर्किजिन्नाझ्यो नावाची इमारत अजून उभी आहे. तिच्या भिंती, जिने, छतं विद्यार्थ्यांच्या रंगीत कुलचिन्हांनी भरून गेली आहेत, हजारोंनी. कोण कुठून आला ते वाचत मान दुखेपर्यंत हिंडावं. कोपर्निकस या इमारतीच्या आधीचा. पोलंडमधल्या क्राकोव्हमध्ये शिकून तो १४९६ साली बोलोन्यात कायदा शिकायला आला, जर्मन संघात नाव घातलं आणि अभ्यासाच्या जोडीला इथल्या खगोलशास्त्र्याबरोबर आकाश पाहत बसला. पुढे पादुआला वैद्यक शिकला. पदवी घेतली ती १५०३ साली तिसऱ्याच गावी, फेरारात. म्हणजे बोलोन्यात आणि पादुआत शिकलेलं फेरारानं मान्य केलं, आणि त्याला पुन्हा पहिल्या बाकावर बसवलं नाही. हे नीट लक्षात ठेवावं.

आता परीक्षा. इटलीत बऱ्याच विषयांची परीक्षा तोंडी असते, आणि ती चारचौघांत. कुणीही येऊन मागे बसावं. म्हणून पियाझ्झा स्काराविल्लीवरच्या अर्थशास्त्राच्या इमारतीत युरोपच्या आर्थिक इतिहासाच्या परीक्षेला मी शेवटच्या बाकावर बसू शकलो. भाचीनं बजावलं होतं, "मामा, मान डोलवायची नाही." गुण तीसपैकी. अठराला पास. तीस मिळून वर परीक्षक खूश झाला तर 'तीस, सन्मानासह'. पूर्वी हे गुण लिब्रेत्तो नावाच्या छोट्या पुस्तिकेत, अगदी पासबुकासारखे, प्राध्यापकाच्या सहीनं भरत. आता संगणकावर.

भाचीच्या आधीच्या मुलाला प्राध्यापकांनी बावीस सांगितले. मुलगा विचार करून म्हणाला, नको. उठला, हात मिळवला आणि गेला. मला कळेना काय झालं. मिळालेले गुण नाकारून पुढच्या तारखेला पुन्हा बसता येतं, हे भाचीनं नंतर सांगितलं. आमच्या पिढीनं गुण हा शब्द 'मिळणे' या क्रियापदाशिवाय वापरलेला नाही. गुण मिळतात, कमी मिळतात, पुनर्तपासणीत दोन वाढून मिळतात. 'घेणे' आणि 'न घेणे' हा पर्याय कधी पुढे आलाच नाही.

भाचीला वीस मिनिटं प्रश्न विचारले. त्यातला एक असा की चर्चनं व्याजाला बंदी केलेली असताना मध्ययुगातले इटालियन सराफ व्याज कसं कमवत? मला हात वर करावासा वाटला. तिनं नीट सांगितलं. एका गावच्या चलनात पैसे द्यायचे, दुसऱ्या गावच्या चलनात हुंडीनं परत घ्यायचे आणि व्याज चलनाच्या दरात लपवायचं. पुढच्या एका प्रश्नाला ती अडखळली. प्राध्यापक म्हणाले, सत्तावीस. घेणार? मागे दहा-बारा मुलं ऐकत होती. तिनं खिडकीकडे पाहिलं, मग म्हणाली, घेते. त्यांनी तिथल्या तिथे संगणकावर नोंद केली. बाहेर आल्यावर मी विचारलं, नाकारले असतेस तर? म्हणाली, "पुढची तारीख फेब्रुवारीत. तोवर पुण्यात सहावं सत्र निम्मं झालेलं असेल. मला नाकारणं परवडत नाही, मामा." तिकडचं पहिलं सत्र सप्टेंबरात सुरू होऊन परीक्षांसकट फेब्रुवारीपर्यंत लांबतं, आपलं जून-जुलैत सुरू होऊन डिसेंबराच्या आधी आटपतं. जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे वेळापत्रक आधी शेजारी शेजारी ठेवून पाहावं.

भाची परत आली. तिकडच्या विद्यापीठाचं गुणपत्रक आलं. दोन महिन्यांनी कॉलेजच्या संगणकातून तिचा पाचव्या सत्राचा निकाल बाहेर पडला, तेव्हा आर्थिक इतिहासात ती नापास होती. गुण सत्तावीस. शंभरपैकी.

कॉलेजचं नाव इथे गरजेचं नाही. बऱ्याच कॉलेजांत असंच घडलं असतं. कार्यालयातले गृहस्थ भले होते. त्यांनी पडदा वळवून दाखवला. "मॅडम, सॉफ्टवेअर शंभरच घेतं. चाळीसच्या खाली ते आपोआप एटीकेटी करतं. मी काय करू?" आणि एटीकेटी असेल तर कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्यांच्या मुलाखतीला बसता येत नाही. तिन्ही विषयांचं तेच. बहिणीचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, हिशेब करत होती. मोडलेली ठेव अधिक विमान अधिक भाडं अधिक बुडालेलं वर्ष.

मग सुरू झाला विनिमयाच्या दराचा वाद. सत्तावीसला तीसनं भागा, नव्वद टक्के झाले, असं मुलीचं म्हणणं. विभागातल्या एका बाईंना ते पटेना. "इथे पहिल्या आलेल्या मुलीला चौऱ्याहत्तर आहेत. हिला नव्वद कसे द्यायचे?" मला बाईंचा आक्षेप रास्त वाटला. नोटेवरचा आकडा म्हणजे चलनाची किंमत नव्हे. इटलीत लिरा होता तेव्हा हजाराची नोट खिशात घालून कुणी श्रीमंत होत नसे. एका युरोला १९३६ लिरा आणि वर चिल्लर, असा दर ठरवूनच तो युरोत विलीन झाला. तसाच गुणांचा दर काढण्याची रीत युरोपात आहे. गुणपत्रकासोबत तक्ता येतो. त्या अभ्यासक्रमात किती टक्के मुलांना तीस पडले, किती टक्क्यांना सत्तावीस, ते त्यात असतं. तो तक्ता आपल्याकडच्या निकालाशेजारी मांडायचा. तिथे वरून ज्या पायरीवर सत्तावीस येतात, त्याच पायरीवर आपल्याकडे जे गुण येतात ते द्यायचे. तक्ता भाचीच्या गुणपत्रकाला टाचलेलाच होता. शेवटचं पान म्हणून कुणी उलटलं नव्हतं.

श्रेयांकांचंही तेच. युरोपात वर्षाला साठ, आणि इटलीत एक श्रेयांक म्हणजे पंचवीस तासांचा अभ्यास. आपल्याकडच्या २०२३च्या राष्ट्रीय आराखड्यात वर्षाला चाळीस, एकाला तीस तास. दोन्ही चलनं, दर ठरवावा लागणार. आपल्याकडे २०२१पासून श्रेयांकांची बँकही आहे, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. नाव वाचून मी हरखलो होतो. विद्यार्थ्याचं खातं उघडतं, मिळवलेले श्रेयांक जमा होतात, कॉलेज बदललं तरी राहतात. कल्पना उत्तम. पण भाचीच्या खात्यात बोलोन्याचे श्रेयांक भरायचे तर आधी कॉलेजनं ते मान्य करायचे. भरणा करणारा काउंटर तोच, जिथे सॉफ्टवेअर शंभरच घेत होतं.

या दिवसांत मी भाचीला सोफिया कोर्राडींची गोष्ट सांगितली. तिला ती माझ्याआधीच ठाऊक होती, तिकडे एक्स्चेंजच्या मुलांना ठाऊक असतेच. या बाई रोममध्ये कायदा शिकत होत्या. शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या, शिकून १९५८ साली परत आल्या. रोमच्या विद्यापीठानं त्या शिक्षणाला काडीची किंमत दिली नाही, वर चार शब्द ऐकवले. बाई पुढे शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि जवळजवळ तीस वर्षं एकच गोष्ट मागत राहिल्या. बाहेर शिकून आलेल्याचं शिकलेलं धरा. १९८७ साली युरोपची इरॅस्मस योजना सुरू झाली, पहिल्या वर्षी अकरा देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. पुढे आकडे लाखांत गेले. बाईंना इटलीत 'मम्मा इरॅस्मस' म्हणू लागले. १९९७च्या लिस्बन करारानं तर उलटा न्याय लावला. बाहेरचं शिक्षण नाकारायचं असेल तर त्यात मोठा फरक आहे हे नाकारणाऱ्यानं सिद्ध करायचं. विद्यार्थ्यानं नव्हे. आणि १९९९च्या जूनमध्ये एकोणतीस युरोपीय देशांच्या मंत्र्यांनी पदव्यांची रचना एकमेकांना कळेल अशी करण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्या बोलोन्यातच. कोपर्निकसला फेरारात जे सहज मिळालं, ते परत मिळवायला जवळजवळ पाचशे वर्षं लागली.

"म्हणजे मी तीस वर्षं थांबू?" भाचीनं विचारलं.

थांबावं लागलं पाच महिने. तीन सह्यांचं ते करारपत्र आम्ही पुढे केलं. हुंडी इथल्या पेढीनं स्वतःच लिहिलेली होती आणि लिहिणाऱ्यानंच ती न सकारणं कोणत्याही बाजारात बसत नाही, हे मी प्राचार्यांना शक्य तितक्या गोड भाषेत सांगितलं. ते हसले. जुलैत समिती बसली. तीन विषय मान्य झाले, तक्त्याप्रमाणे आर्थिक इतिहासात बहात्तर धरले. कुणाचीच हरकत राहिली नाही. मान्य झाली नाही ती इटालियन भाषा. करारपत्रात ती होती, पण तिच्या बदल्यात इथे कोणता विषय, तो रकाना कोरा राहिला होता. त्या श्रेयांकांसाठी भाचीनं पुण्यात एक पेपर दिला आणि सुटली. तोवर कॅम्पसच्या दोन मोठ्या कंपन्या येऊन गेल्या होत्या. त्या परत आल्या नाहीत. नोकरी तिनं पुढे बाहेरून अर्ज करून मिळवली.

"सगळ्यात जास्त कष्ट मला इटालियनला पडले होते," ती मला म्हणाली. खरंच होतं. मी तिला त्या धुक्यातल्या गावात भाजीवाल्याशी, पोस्टातल्या बाईशी, शेजारच्या आजींशी घडाघडा बोलताना ऐकलं आहे. सांगलीत ती आत्याशीही इतकं बोलत नसे. राहण्याचा परवाना मात्र तिनं हातात घेतला नाहीच. कार्ड तयार आहे, स्वतः येऊन घेऊन जावं, असा निरोप मोबाइलवर आला तेव्हा ती पुण्यात सहाव्या सत्राचा पेपर लिहीत होती.

पुढच्या खेपेला तिच्या कॉलेजातल्या दोन मुली बोलोन्याला निघाल्या. दोघी भाचीला विचारायला आल्या. तिनं खाटेचा पत्ता दिला, तंबाखूच्या दुकानातल्या मुद्रांकाचं सांगितलं आणि करारपत्रात एकही रकाना कोरा ठेवू नका म्हणून दोनदा बजावलं. कार्यालयातल्या त्या भल्या गृहस्थांनी तिलाच बोलावून अठरापासून तीसपर्यंतचा बदल-तक्ता करून घेतला आणि टेबलाच्या काचेखाली ठेवला. शेवटच्या ओळीवर ते अडले. 'तीस, सन्मानासह' हे शंभरच्या वर कुठे भरायचं?

"मॅडम, ते सॉफ्टवेअर घेत नाही."